कॅनडाने विद्यार्थ्यांचं दार आवळलं, ते बरोबरच केलं

वरूडकर
आमच्याकडे संत्र्याची बाग गहाण टाकून पोराला कॅनडात धाडायची टूम निघाली होती. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हापासून सगळे फसवलं फसवलं करताहेत. मला तसं वाटत नाही. कायमचं राहायला तिथे वेगळे रस्ते आहेत: कौशल्यावर, कुटुंबाच्या नात्यावर किंवा निर्वासित म्हणून. कौशल्याच्या रस्त्यावर वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजतात. ही पद्धत १९६७ पासूनची. २०१५ पासून एक्सप्रेस एन्ट्री ही निवडीची पद्धत आली, त्यात जास्त गुणवाल्यांना आधी बोलावतात. विद्यार्थी परवाना मुळात तात्पुरता. आपण त्याची चोरवाट केली.

आर्णीचा मास्तर
आपण केली? वा भाऊ! शिक्षण संपल्यावर तीन वर्षांपर्यंत कामाचा परवाना कोण देत होतं? तिथल्या नोकरीच्या अनुभवावर पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळावी म्हणून २००८ मध्ये कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास कोणी काढला? तुमच्या या चोरवाटेवर पाट्या सरकारनेच लावल्या होत्या. आणि पैशाचं पाहा. तिथल्या ओंटारियो प्रांताच्या सरकारने २०१९ मध्ये स्थानिक पोरांची फी दहा टक्के उतरवून तिथेच गोठवली. कॉलेजांचा तो खड्डा कोणी भरला? कित्येक पटीने फी भरणाऱ्या परदेशी पोट्ट्यांनी. मग घरभाडी वाढली, तर बोट त्यांच्याकडेच.

आपल्या वावरात सोयाबीन काढायला मेळघाटातून मजूर येतात. हंगामात हातापाया पडून आणायचे, हंगाम सरला की गावात गर्दी झाली म्हणायचं, तसंच हे.

वरूडकर
मजुराले आपण सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणून आणत नाही ना मास्तर! पीआरची हमी सरकारच्या कोणत्या कागदावर होती? ती एजंटच्या तोंडात होती.

उलट एक गोष्ट त्यांनी सरळ केली. राहण्याखाण्यासाठी खात्यात दाखवायची रक्कम बरीच वर्षं १०,००० कॅनेडियन डॉलर होती. जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ केली. टोरंटोकडे दहा हजारांत वर्ष निघत नाही, हे निदान आधी तरी कळतं.

वणीची
वीस हजार डॉलर म्हणजे बारा लाखांच्या वर, फी वेगळीच. कोरडवाहू पाच एकरवाल्याने नावही काढू नये. ही चाळणी पोराच्या हुशारीची नाही, बापाच्या खिशाची आहे. आणि दाखवायची रक्कम काही महिन्यांसाठी फिरवून देणारे आपल्याकडे बसलेच आहेत.

दुसरं, २०२३ पासून एक्सप्रेस एन्ट्रीत सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा कामांसाठी वेगळी निवड सुरू झाली. चार-पाच वर्षं काम केलेल्या आयटीआयवाल्याने इंग्रजीची तयारी केली, तर बाग न विकता अर्ज तरी करता येतो. हे आमच्याकडच्या एकाही फलकावर दिसत नाही, कारण कॉलेजचं कमिशन त्यात नाही.

गोंदियावाला
तुमचं सगळं डॉलरवाल्यांचं चाललंय. दहावी न झालेल्यांना सौदी, कुवेत धरून अठरा देशांत कामाला जायचं तर आपल्याच सरकारची परवानगी लागते. एजंटने ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, इतकंच घ्यायचं असा नियम आहे. घेतात किती, ते विचारू नका.

वरूडकर
भाऊ, यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

आर्णीचा मास्तर
कागदावरचंच बोलू मग. एक्सप्रेस एन्ट्रीत नोकरीची ऑफर असली की ५० किंवा २०० जादा गुण मिळत. २५ मार्च २०२५ पासून ते काढले, आणि आधीपासून रांगेत असलेल्यांचेही गेले. नव्यांसाठी नियम बदला, कोण नाही म्हणतो? खेळ अर्ध्यावर आल्यावर गुण कापायचे ही कोणती रीत?

वरूडकर
त्या ऑफर विकल्या जात होत्या, म्हणून कापले. खोट्या कागदावर दुसरा पुढे गेलेला खऱ्या गुणवाल्याने का सोसावा?

आर्णीचा मास्तर
मग विकणाऱ्याले धरा ना! खरी नोकरी असलेल्याचे गुण काहून कापले?

वणीची
तुमचं चालू द्या. माझ्या भाच्याचा कामाचा परवाना पुढच्या वर्षी संपतो, गुण कमी पडतात. फ्रेंच येणाऱ्यांची कटऑफ बरीच खाली असते म्हणतात. त्याने आता फ्रेंच धरावं की परतीचं तिकीट पाहावं? कोणी हे केलं असेल तर सांगा. एजंटांनी मेसेज करू नये.