पीजीच्या संघटनेला शहरानं पैसे का द्यायचे?

एमआयडीसीवाला:
सोलापूर विद्यापीठातल्या पीजीच्या (पदव्युत्तर) पोरांनी संघटना काढलीय, तिचं आवाहन परवापासून सगळीकडं फिरतंय. दोन लाख पाहिजेत. एक परिसंवाद, बाहेरगावी पेपर वाचायला जाणाऱ्यांचं भाडं आणि 'इतर उपक्रम'. वर शेवटी, 'शहरातील उद्योजकांनी समाजाचे ऋण फेडावे.' इथं डोकं फिरलं.

कुठलं ऋण बुवा? अक्कलकोट रोडला माझे माग आहेत, निम्मे बंद. सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. टॉवेलचं पेमेंट तीन-तीन महिने येत नाही. चादरीला २००५ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आम्ही पेढे वाटले, आणि आज बाहेरचा माल 'सोलापुरी चादर' म्हणून खपतोय. त्यावर परिसंवाद घ्या की कधीतरी!

दोन पोरं शेडमध्ये पावतीपुस्तक घेऊन आली. पुस्तकावर नोंदणी क्रमांक नाही, पावत्यांना नंबर नाही. 'अध्यक्ष' छापलंय तिथं सही कोरी. अध्यक्ष कोण विचारलं तर म्हणे गावाकडं गेलाय. मागं अशाच एका संघटनेला (नाव घेत नाही) पाच हजार दिले. हिशेब मागितला तर स्नेहसंमेलनाचा फोटो पाठवला. फोटोत माझे पाच हजार कुठं दिसले नाहीत.

केगाव_एमएस्सी:
काका, शेडमध्ये आलेली पोरं आमचीच. पावतीला नंबर नव्हते हे खरंय, पण म्हणून आम्ही चोर होत नाही.

भाड्याचं विचारलंत ना, ऐका. मुंबईच्या परिषदेत माझा पेपर लागला. नोंदणी फी, राहणं, जेवण सगळं आपापलं. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात रात्रभर दाराजवळ पोस्टरची नळी मांडीवर धरून बसले. सकाळी दादरला उतरले तर नळीचं एक टोक चेपलेलं. आई विड्या वळते. हजार विड्यांमागं मजुरी किती पडते ते पूर्व भागात कुणालाही विचारा. आमच्या वर्गात निम्मे जण अशाच घरातले, बाकीचे करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याचे. पेपर निवडला जातो आणि पोरं जात नाहीत, कारण भाडं नाही. त्या दोन लाखांतलं मोठं काम हेच आहे.

आणि राग येऊ देऊ नका, पण गणपतीत मंडळाला किती देता?

एमआयडीसीवाला:
तो माझा प्रश्न आहे.

सात रस्ता:
अहो, हाच तर खरा प्रश्न आहे! भाड्याला दोन हजार मागितले की हिशेब, आणि डॉल्बीला पंचवीस हजार बिनपावतीचे. आमच्या घरासमोर मिरवणूक थांबली की शोकेसमधले ग्लास आपोआप सरकतात. वडिलांची बायपास झालीय, त्यांना मागच्या खोलीत गादीवर बसवून कानावर उशी धरतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात लिहिलंय. सोलापुरात ते वाचलंय कुणी?

मंडळाचा कार्यकर्ता:
आलं का मंडळांवर घसरणं! रक्तदान कोण घेतं? उन्हाळ्यात पाण्याचे टँकर कोण आणतं? पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा तुमची संघटना कुठं असते? डॉल्बी एक दिवस वाजतो.

सात रस्ता:
एक दिवस? आगमन, विसर्जन, त्यात वर्षभरातल्या इतर मिरवणुका. मोजायला बसलं तर कॅलेंडर संपतंय बे.

मंडळाचा कार्यकर्ता:
'बे' कुणाला म्हणायलास? नीट बोल. समोरासमोर ये, मग सांगतो.

जुनी सीनियर:
दोघंही थांबा. डॉल्बीला वेगळा धागा काढा, तिथं रात्रभर भांडा.

मी त्या काळातली आहे जेव्हा सोलापूरला विद्यापीठच नव्हतं. सगळं कोल्हापूरशी जोडलेलं. एखादं प्रमाणपत्र आणायचं म्हणजे एक दिवस जायचा, काउंटर बंद असलं तर दोन. २००४ ला इथं एका जिल्ह्याचं विद्यापीठ झालं तेव्हा म्हणणारे खूप होते, एवढ्याशा जिल्ह्याला कशाला? आता विद्यापीठ आहे, पोरं आहेत, पण शहराला त्यांचं काही देणंघेणं नाही. हे माझं दुःख, पटलं तर घ्या.

विद्यार्थ्यांच्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत आल्या, तेही कागदावर. पोरांनी एकत्र यायचं कसं, हिशेब ठेवायचा कसा, हे शिकणार कुठं?

एमआयडीसीवाला:
म्हणजे शिकण्याची फी मी भरायची. बरं.

दत्त चौक:
एवढं कशाला? मोठ्या कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा नफ्यातला वाटा, घ्या, विषय संपला.

निवृत्त लेखापाल:
विषय संपत नाही, सुरू होतो. उभा जन्म ताळेबंदात गेलाय म्हणून बोलतो.

सीएसआरचा २ टक्क्यांचा नियम त्या कंपन्यांना, ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी आहे. अक्कलकोट रोडच्या मागवाल्याला तो शोधायला येत नाही. आणि पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत लागते, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, वर तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. परवा काढलेल्या संघटनेला कोण विचारतो?

सात जण गोळा करा, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवा, धर्मादाय आयुक्तांकडं जा. तोवर नुसती वर्गणीच गोळा करायची तर धर्मादायकडून तात्पुरती परवानगी मिळते, गणपती मंडळं काढतात तशी. सगळीच काढत नाहीत, तो भाग वेगळा.

मंडळाचा कार्यकर्ता:
आम्ही काढतो. परवानगीचा कागद मंडपात लावलेला असतो, येऊन बघा.

सात रस्ता:
कागद लावता. आवाज कुठं लावता ते सांगा.

निवृत्त लेखापाल:
अहो, पुरे. पोरांनो, आणखी एक. ८०जी मिळालं तरी २००० च्या वर रोख देणाऱ्याला करसवलत नाही. तेव्हा रोख घेऊच नका. बँकेत खातं उघडा, दोघांच्या सहीचं. महिन्याच्या पाच तारखेला पासबुकाचा फोटो याच ग्रुपवर. 'इतर उपक्रम' हे शीर्षक आवाहनातून आधी खोडा. आयुष्यभर 'इतर' या रकान्यातच सगळे घोटाळे सापडले मला.

केगाव_एमएस्सी:
'इतर' म्हणजे पाहुण्यांचा चहा, शाल-श्रीफळ आणि बॅनर.

निवृत्त लेखापाल:
मग तसं लिहा. चहा लिहायला लाज कसली?

केगाव_एमएस्सी:
लिहिते. पण खातं उघडायला ठराव लागतो, ठरावाला नोंदणी, नोंदणीच्या खर्चाला वर्गणी. आणि वर्गणी मागितली की काका ओरडतात. आम्ही सुरुवात नेमकी कुठून करायची? परिषद पुढच्या महिन्यात आहे.

जुनी सीनियर:
नोंदणीचा खर्च मी देते. पावती नंतर दे, नंबरासकट.

एमआयडीसीवाला:
बघा, मॅडमनी दिले की टाळ्या, मी विचारलं की कंजूष.

लेखापाल साहेबांचं ऐका, तेवढं जमलं तरी खूप झालं. रोख मी एक रुपया देणार नाही, हे आजही तेच. पण पाहुण्यांना देण्याच्या शालींवर पैसे उधळू नका. माझ्याकडं टर्किशचे चाळीस टॉवेल पडून आहेत, एक्सपोर्टचा लॉट, काठाला शिलाई थोडी वाकडी म्हणून परत आलेला. घेऊन जा. प्राध्यापकांना काठ दिसत नाही.

मंडळाचा कार्यकर्ता:
एमआयडीसीवाले, आमच्या मंडळाला का नाही हो टॉवेल?

एमआयडीसीवाला:
तुम्ही कान पुसायला आणलात तर देईन.

केगाव_एमएस्सी:
काका, पाहुणे दोनच आहेत. बाकीचे अडतीस विकून तिकिटं काढली तर चालेल का?

एमआयडीसीवाला:
विका. पण नव्या पेठेत माझ्या दरापेक्षा कमीला विकू नका, नाहीतर उद्या गिऱ्हाईक माझ्याशी घासाघीस करेल. शनिवारी अकराच्या आत या, नंतर शेडला सुट्टी असते. आणि त्या गावाकडं गेलेल्या अध्यक्षाला घेऊन या.