हासोर यहोशवानेच जाळलं का?

धागाकर्ता:
इस्राएली लोकांनी त्यांचा पुढारी यहोशवा याच्यासोबत कनान (आजचा इस्राएल-पॅलेस्टाइनचा भाग) जिंकला, अशी कथा बायबलच्या यहोशवा या पुस्तकात आहे. त्याच्या ११ व्या अध्यायात हासोर हे कनानी राज्यांचं मुख्य नगर म्हटलंय आणि यहोशवाने ते जाळलं असं लिहिलंय. गालील समुद्राच्या उत्तरेचं हे नगर सुमारे २०० एकरांचं, कनानातलं सगळ्यांत मोठं. १९५५ पासून पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी आणि १९९० पासून अम्नोन बेन-तोर यांनी खोदलं, तेव्हा इ.स.पू. १३ व्या शतकातला जळिताचा जाड थर निघाला. मूर्तींची मुंडकी आणि हात छाटलेले, त्यात इजिप्तच्याही मूर्ती. कनानी लोक आपल्याच देवांची मुंडकी उडवतील? इजिप्तचे लोक आपल्या राजांची? मला तरी हे इस्राएलींचंच काम वाटतं.

मातीचे_थर:
असहमत. यरीहोचं आठवा, यहोशवापुढे ज्याची भिंत पडली असं त्याच पुस्तकात आहे ते नगर. १९३० च्या दशकात तिथे खोदणारे गार्स्टँग म्हणाले, हीच यहोशवाची पडलेली भिंत. १९५२ ते ५८ मध्ये कॅथलीन केन्यन यांनी खोदून दाखवलं की ती भिंत कितीतरी शतकं आधीची. यहोशवाने घेतलेलं दुसरं नगर आय, ते म्हणून दाखवतात ती एत-तेल टेकडी त्या काळात ओसाडच होती. लाखीश हेही त्याने घेतलेलं म्हणतात, पण ते जळलं हासोरनंतर, १२ व्या शतकात. मग ही एक मोहीम कशी?

धागाकर्ता:
यरीहोबद्दल मान्य. पण सगळी नगरं जाळली असं ग्रंथच कुठे म्हणतो? त्याच अध्यायात लिहिलंय की टेकड्यांवरच्या नगरांपैकी फक्त हासोर जाळलं. गेजेर, मगिद्दो, तानाख हाती लागली नाहीत, हे शास्ते या बायबलच्या पुढच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. मी फक्त हासोरबद्दल बोलतोय.

जुना_वाचक:
मग शास्तेचा ४ था अध्यायही वाचा. यहोशवानंतरची इस्राएली पुढारी दबोरा हिच्या वेळी हासोरात पुन्हा याबीन राजा! यहोशवाने मारलेला याबीन आणि हा, यांचा मेळ कसा घालायचा? शिवाय बेन-तोर यांच्यासोबत तिथेच खोदणाऱ्या शेरॉन झुकरमन यांचं मत वेगळं होतं. आग देवळं आणि राजवाड्यापुरती होती, नगर आधीच उतरणीला लागलेलं, म्हणजे प्रजाच उठली असावी. मला हे जास्त पटतं. देवळं आणि वाडे कुणाच्या घामावर उभे राहतात?

धागाकर्ता:
प्रजा उठली तर ती गेली कुठे? जळितानंतर हासोर बराच काळ रिकामं होतं. आणि इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या, इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात इस्राएल हे नाव आहे. म्हणजे ते लोक त्या प्रदेशात होतेच.

मातीचे_थर:
होते, एवढंच त्यावरून कळतं. आग कोणी लावली ते त्यात नाही. हासोरच्या राजवाड्याचं दफ्तर अजून हाती आलेलं नाही, मातीच्या तुरळक पाट्याच मिळाल्यात. शेवटच्या वर्षांची एखादी पाटी निघाली, तर मी मत बदलायला तयार आहे.