शब्दचर्चा : व्हिएतनामी मालिकेतले 'हो खाउ', 'न्या चॉ', 'हुइ' मराठीत कसे आणावेत?

रानजाई
खेड्यातून हनोईला कामाला आलेल्या बाईवरची एक संथ व्हिएतनामी मालिका आहे, काळ २०१२-१३ चा. तिच्या मराठी उपशीर्षकांसाठी काही शब्द अडलेत. मालिकेत बोलणं कमी, त्यामुळे एकेक शब्द पडद्यावर बराच वेळ राहतो आणि चुकीचा असला तर खुपतो. आतापर्यंत सुचलेले पर्याय असे: 'हो खाउ'ला रेशनकार्ड, 'न्या चॉ'ला चाळ, 'हॉ' किंवा 'हुइ'ला भिशी, 'ओ-सिन'ला मोलकरीण, 'कीउ वान'ला माथाडी. शिवाय 'वे क्वे' दर दोन प्रसंगांआड येतो. यातलं काय चालेल?

दप्तरदार
रेशनकार्ड अजिबात नको. 'हो' म्हणजे कुटुंब आणि 'खाउ' म्हणजे तोंड, म्हणजे घरातली माणसं. ही पोलिसांकडची कुटुंबनोंद आहे. तुमची नोंद ज्या गावात, तिथले तुम्ही कायमचे रहिवासी; बाकी सगळीकडे तात्पुरते. कायमच्या नोंदीला 'थुओंग चू' आणि तात्पुरत्या नोंदीला 'ताम चू' म्हणतात. शहरात दहा वर्षं राबलेला माणूसही 'ताम चू'वर असू शकतो आणि मुलाच्या सरकारी शाळेतल्या प्रवेशाची वेळ आली की तिथेच अडतो. कारण प्रवेशात त्या भागातल्या कायम नोंदीच्या मुलांचा नंबर आधी लागतो.

तुमच्या मालिकेचा काळ इथे फार महत्त्वाचा आहे. २००६ च्या रहिवास कायद्याने मोठ्या शहरांत एक वर्ष तात्पुरतं राहिल्यावर कायम नोंद मागता येत होती. १ जुलै २०१३ पासून हनोईसाठी राजधानीचा वेगळा कायदा लागू झाला आणि मूळ शहराच्या भागात ही अट तीन वर्षांवर गेली. म्हणजे 'एक वर्ष पूर्ण होऊ दे' हे वाक्य २०१२ मधल्या प्रसंगात बरोबर आहे आणि २०१३ च्या पावसाळ्यातल्या प्रसंगात त्याचा आधारच गेलेला आहे. पात्रांना हे कळलेलं असेल की नाही, ते मूळ संवादात नीट ऐका.

माझा पर्याय: 'कुटुंबनोंद', आणि कागद दाखवायचा असेल तर 'नोंदवही'. 'माझी नोंद अजून गावातच आहे' हे वाक्य मराठी माणसाला लगेच कळतं. 'केटी-३' असं कुणी म्हणालं तर ते जुनं वर्गीकरण आहे: दुसऱ्या प्रांतातून येऊन लांब मुदतीने राहणारा. केटी-४ म्हणजे थोड्या दिवसांचा. आकडा तसाच ठेवला तर मराठीत काहीच पोचणार नाही, 'लांब मुदतीची तात्पुरती नोंद' लिहा.

रेशनकार्ड हा शब्द मात्र फेकून देऊ नका. शिधावाटपाच्या काळात, म्हणजे १९८६ च्या 'दोइ मोइ' सुधारणांच्या आधी, घरोघरी 'सो गाउ' असायची, तांदळाची वही. ती हरवणं म्हणजे घरावर संकट. त्यावरूनच आजही उतरलेल्या चेहऱ्याला 'तांदळाची वही हरवल्यासारखा' म्हणतात. म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी ही म्हण आली तर 'रेशनकार्ड हरवल्यासारखं तोंड का केलंय?' असं बिनधास्त लिहा.

टिपणवही
दप्तरदारांच्या मुद्द्याला पुरवणी. मालिका पुढे सरकून आजच्या काळात आली तर कायदा बदललेला आहे. १ जुलै २०२१ पासून वर्षांची अट गेली. भाड्याच्या घरातही कायम नोंद होते, पण घरमालकाची संमती लागते आणि माणशी किमान ८ चौरस मीटर जागा लागते. १२ चौरस मीटरच्या खोलीत तिघं राहत असतील तर माणशी ४ येते, म्हणजे वर्षांची अट जाऊनही ते बाहेरच. कागदी नोंदवही १ जानेवारी २०२३ पासून बाद झाली, त्यानंतरच्या प्रसंगात 'वही दाखवा' नको, 'नोंद दाखवा' हवं.

'न्या चॉ'साठी चाळ हा शब्द आकाराने जवळचा आहे, अर्थाने दूरचा. चाळ म्हटलं की मराठी माणसाला पागडी, दोन-तीन पिढ्यांचं बिऱ्हाड, गणपती, शेजार आठवतो. 'न्या चॉ'मध्ये महिन्याच्या बोलीवर राहणारी माणसं असतात. साधारण एका महिन्याचं भाडं अनामत, खोली १० ते १६ चौरस मीटर, उंची असेल तर वर झोपायला माळा, संडास कधी आत, कधी सगळ्यांत एक. मालक बहुतेक वेळा त्याच गल्लीत राहतो आणि फाटक रात्री ठरलेल्या वेळी लावतो. आपल्याकडे एमआयडीसीच्या आसपास 'खोल्यांची लाइन' म्हणतात, ते चपखल बसेल. एकटी खोली असेल तर नुसतं 'खोली'.

विजेवरून भांडण झालं तर नीट लिहा. सरकारी दर टप्प्याटप्प्याने वाढतो, पण बरेच मालक सरसकट एकच दर लावतात, युनिटमागे ३,००० ते ४,००० दोंग (व्हिएतनामचं चलन). भाडेकरूला खालच्या टप्प्याचा स्वस्त दर मिळतच नाही. 'वीज महाग झाली' असं लिहिलं तर दोष वीजकंपनीवर जातो. 'युनिटला किती लावता?' असं लिहा, म्हणजे प्रश्न मालकाला विचारला जाईल.

हिशेबनीस
'हुइ' म्हणजे भिशीच, पण चिठ्ठ्या टाकायची नव्हे, बोलीची. उत्तरेत 'हॉ', दक्षिणेत 'हुइ'. बाई हनोईत 'हुइ' म्हणत असेल तर ती दक्षिणेकडची आहे किंवा पटकथेत घोळ आहे.

आकडे समजले तरच संवाद समजतील. समजा दहा जणी, महिन्याला प्रत्येकी १० लाख दोंग. पहिल्या महिन्यात एकीने १ लाखाची बोली लावली, म्हणजे लवकर रक्कम मिळावी म्हणून हप्त्यामागे तेवढी सूट देऊ केली, आणि ती सगळ्यांत मोठी ठरली. मग बाकीच्या नऊ जणी १० ऐवजी ९ लाख देतात, तिच्या हातात ८१ लाख. इथून पुढे ती दर महिन्याला पूर्ण १० लाख भरणार. दुसऱ्या महिन्यात बोली १ लाख २० हजारांची झाली तर रक्कम न उचललेल्या आठ जणी ८ लाख ८० हजार देतील आणि पहिली १० लाख, एकूण ८० लाख ४० हजार. एकदाही बोली न लावता शेवटपर्यंत थांबलेल्या बाईला पुरे ९० लाख मिळतात. भिशी चालवणाराला यातून दलाली द्यायची, ती बऱ्याच ठिकाणी अर्ध्या हप्त्याइतकी असते.

न उचललेल्या भागाला 'जिवंत हुइ' आणि उचललेल्याला 'मेलेली हुइ' म्हणतात. शब्दशः ठेवलं तर प्रेक्षक गोंधळेल. 'माझी भिशी उचलून झालीय', 'माझी अजून उचलायचीय' असं लिहा. मोठी बोली लावणारी बाई हावरट नसते, तिला पैसा आत्ता लागतो: तेत म्हणजे नववर्षाच्या सणाआधी, किंवा गावाकडे कुणी आजारी पडलं म्हणून. संथ मालिकेत हे कुणी बोलून दाखवत नाही, नुसती बोलीची चिठ्ठी सरकवतात. म्हणून आकडा उपशीर्षकात आलाच पाहिजे.

भिशी बुडते ती दोन प्रकारे. लवकर उचललेली व्यक्ती पुढचे हप्ते भरत नाही, तेव्हा 'भिशी फुटली'. चालवणारा खोट्या नावांनी स्वतःच उचलत राहतो, जुनी भिशी नव्या भिशीच्या पैशांतून भागवतो आणि एके दिवशी गायब होतो, तेव्हा 'भिशी घेऊन पळाला'. व्हिएतनामीतही या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत. हुइवर सरकारी नियम २००६ पासून आहेत, पण व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या वर चालत नाही हा नियम २०१९ चा आहे. तुमच्या काळात तो नियम नव्हता.

टिपणवही
माथाडी नको. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने माथाडीला मंडळ, नोंदणी आणि लेव्ही मिळाली. 'कीउ वान'ला यातलं काही नाही. हा शब्द 'तो तोम' या पत्त्यांच्या खेळातून आला, त्यातल्या नऊच्या एका पानावर ओझं वाहणाऱ्याचं चित्र असतं. 'हमाल' पुरे. हनोईतल्या लाँग बिएनच्या घाऊक बाजारात रात्री खोकी वाहणारे ते हेच.

'ओ-सिन' हा शब्द जपानी मालिका 'ओशिन'मुळे रूढ झाला, ती व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकात दाखवली गेली. तो थोडा हलक्या सुरात वापरतात, आदराने बोलताना 'झुप विएक' म्हणतात. शिवाय ही बाई बहुतेक वेळा मालकाच्या घरीच राहते. आपल्याकडची मोलकरीण चार घरची कामं करून परतते. 'घरी राहून काम करणारी बाई' किंवा नुसतं 'कामवाली'. भंगारवालीसाठी हनोईत 'दोंग नात' आणि दक्षिणेत सायगॉनला (हो ची मिन्ह सिटी) 'वे चाइ'. मराठीत दोन्हींना भंगारवाली.

रानजाई
'वे क्वे' राहिलं. आणि मुकादमाशी बोलताना ती स्वतःला आधी 'एम' म्हणते, मग एका प्रसंगात अचानक 'तोइ'. हे दाखवायचं कसं?

दप्तरदार
'वे क्वे' म्हणजे 'गावी जाणं', मराठीत ते आयतं मिळतं. 'खेड्यात जाणं' लिहाल तर आपलेपणा गेला. 'वे' हे क्रियापद सहसा आपल्या ठिकाणी परतण्यासाठी वापरतात, त्यामुळे तिने हनोईतल्या खोलीसाठी 'वे' वापरलं तर तिथेच थांबून विचार करा, तिचं घर आता कुठलं हे तिने सांगून टाकलेलं असतं. जाण्याची क्रियापदंही दिशा सांगतात. थान्ह होआ किंवा न्गे आन या हनोईच्या दक्षिणेकडच्या प्रांतांतली माणसं हनोईला 'रा' म्हणजे बाहेर जातात, सायगॉनला 'वाओ' म्हणजे आत जातात. मराठीत 'आत' लिहू नका, 'खाली दक्षिणेला' चालेल.

हिशेबनीस
'एम' आणि 'तोइ'बद्दल. 'एम' म्हणजे धाकटं भावंड. ती स्वतःलाच नात्याने संबोधते, मुकादमाला 'आन्ह', म्हणजे थोरला भाऊ. 'तोइ' म्हणजे नात्याविना, अंतर राखणारं 'मी'. मराठीत 'मी' बदलत नाही, म्हणून बदल समोरच्याच्या हाकेत करा. आधी: 'दादा, माझं जरा बघा ना.' 'तोइ' आल्यावर 'दादा' काढा, 'ना' काढा: 'माझे तीन महिन्यांचे पैसे द्या.' 'तुम्ही' तसंच राहू द्या. 'अरे-तुरे' मालिकेत 'ताओ-माय' (उद्धट 'मी-तू') येईल तेव्हासाठी राखून ठेवा. ते आधीच खर्च केलं तर खऱ्या भांडणाला शब्द उरणार नाही.