कोल्हापूरच्या शाहू मिलची, बंद कापडगिरणीची, जुनी इमारत विकासकाला भाडेपट्ट्यानं द्यावी का?

कोटीतीर्थकर:
राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पाया घातलेली ही गिरणी २००३ मध्ये बंद पडली. तेव्हापासून सुमारे २७ एकरांच्या आवारात दगडी भिंती आणि धुराडं नुसतं उभं आहे. स्मारकाची मागणी होते, जयंतीला बातमी येते, पुन्हा फाटक बंद. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात आत प्रदर्शन भरलं तेव्हा किती माणसं आली होती! कोल्हापूरला ही जागा हवी आहे, हे त्या दिवसांत दिसलं.

माझं म्हणणं असं. जमीन सरकारचीच राहावी. जुनी इमारत मात्र निविदा काढून, तीस वर्षांच्या करारानं, दुरुस्त करून चालवायला द्यावी. धुराडं आणि दर्शनी दगडी काम जसंच्या तसं. आत कापडाचं संग्रहालय, चप्पल आणि साजाच्या कारागिरांना गाळे, एक सभागृह. राहत्या घराचं कौल फुटलं तर त्याच पावसात बदलतात. बंद घराचं कळतं तेव्हा वासा कुजलेला असतो.

तिसरी_पाळी:
माझा विरोध आहे. महाराजांनी ही गिरणी इथल्या हातांना काम मिळावं म्हणून काढली. माझे वडील तिथं साच्यावर, म्हणजे मागावर, होते. भोंगा झाला की आई तवा चुलीवर ठेवायची. त्या जागेचं भाडं कुणीतरी कमवायचं आणि आम्ही तिकीट काढून आत जायचं, हे मला पटत नाही.

आणि अटींचं काय होतं ते मुंबईत बघितलं की. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे वाटे ठरले होते : शहराच्या मोकळ्या जागेला, परवडणाऱ्या घरांना आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, हिशेब फक्त मोकळ्या जमिनीचा धरला. शेडखालची जमीन वाटपातून निघून गेली. एका दुरुस्तीनं शहराचा वाटा आटला.

कोटीतीर्थकर:
दादा, तुमची भीती खरी आहे. पण तिथं जमीनच विकासात गेली. मी एक गुंठासुद्धा विकायचं म्हणत नाही.

रंकाळा_पदपथ:
भाड्याचं सोडा, धंदा बसला तर? रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस, जुना राजवाडा, १९८७ मध्ये हॉटेल झाला. लई कौतुक होतं आपल्याला. पुढं हॉटेल बंद पडलं. कागदावर चालवणारा असला म्हणून इमारत चालते असं नाही.

चुना_घाणी:
जुन्या बांधकामांची दुरुस्ती हेच माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडत नाही. मग दगडाचे पापुद्रे सुटतात, लाकडाची टोकं कुजतात. वर्षभर भिंत झकास दिसते, म्हणून बिलही निघतं. चुना मुरवायला दिवस लागतात आणि विकासकाला उद्घाटनाची घाई असते. भिंतीत रुजलेला पिंपळ वरून छाटून रंग दिलेला मी स्वतः पाहिला आहे. मुळं आत जिवंत होती.

म्हणून निविदेआधी वारसा वास्तूंच्या जाणकाराकडून भिंतीन् भिंतीची नोंद करून घ्यावी. ती नोंद कराराचाच भाग असावी. आणि दोन पावसाळे छप्पर कोरडं राहिल्याशिवाय अनामत परत देऊ नये. एवढं असेल तर विकासकाला माझी हरकत नाही.

तिसरी_पाळी:
ताई, हे सगळं महापालिकेला का जमू नये? ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तर पुन्हा उभारायला सरकारनं पैसे दिलेच ना?

कोटीतीर्थकर:
दिले, पण जळाल्यावर. छप्पर गेल्यावर. मिलच्या बाबतीत आपण कशाची वाट बघायची?

तिसरी_पाळी:
वाट बघा असं मी म्हणत नाही. उद्या दुरुस्तीला हात घाला, सरकारी पैशातून घाला. विकासक मला आजही नको आहे. पण तुमचंच ऐकलं गेलं, तर एक अट माझी लिहून घ्या. फाटकातून आत शिरल्यावर पहिलं दालन कामगारांचं असावं, आणि त्याला तिकीट नसावं. वडिलांचा पितळी बिल्ला घरात आहे. तिथं ठेवायला मी देईन.

कोटीतीर्थकर:
लिहून घेतली. माझ्या यादीत ती आता पहिली.