प्रश्न विचारणारा कोणाच्या गोटातला, हे प्रेक्षकाला कळायला हवं की नको?

अक्षांश
28 नोव्हेंबर 2007, फ्लॉरिडातलं सेंट पीटर्सबर्ग. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन इच्छुकांची सीएनएन-यूट्यूब चर्चा होती. लोकांनी जवळपास 5,000 व्हिडिओ-प्रश्न पाठवले होते आणि त्यांतले मोजकेच वाहिनीने निवडले. निवडलेल्यांत एका निवृत्त ब्रिगेडियर जनरलचा प्रश्न होता: समलिंगी सैनिकांना उघडपणे सेवा करायला तुमचा विरोध का? हे गृहस्थ सभागृहातही हजर होते. सूत्रसंचालक अँडरसन कूपर यांनी त्यांना माइक दिला आणि ते पुढेही बोलले. चर्चा संपल्यावर त्याच रात्री उघड झालं की विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुक हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारातल्या एका समितीवर ते सदस्य होते. आधी ठाऊक असतं तर प्रश्न घेतलाच नसता, असं वाहिनीने सांगितलं.

ही भूमिका मला पटत नाही. प्रश्न जरूर घ्यावा, पण विचारणाऱ्याचं पद पडद्यावर नावाखाली लिहावं. विरोधी प्रचारातला माणूस 'एक निवृत्त अधिकारी' एवढ्याच ओळखीवर समोर येतो, तेव्हा प्रेक्षकाची फसवणूक होते. वाहिनीचा तसा हेतू नसला तरी होते.

सरळरेष
मी पूर्ण विरोधात. प्रश्नाचं मोल प्रश्नात असतं. समलिंगी सैनिकांनी ओळख लपवली तरच त्यांना लष्करात राहता येईल, हे धोरण 1993 पासून लागू होतं आणि 2011 मध्ये उठलं. म्हणजे 2007 मध्ये पुढच्या राष्ट्राध्यक्षाला, म्हणजे सैन्याच्या सरसेनापतीला, तो प्रश्न विचारणं अगदी रास्त होतं. नावाखाली 'क्लिंटन समर्थक' अशी पट्टी लावलीत की उमेदवाराला आयती पळवाट मिळते. 'हा तर त्यांचाच माणूस' म्हटलं की उत्तर देण्याची गरजच उरत नाही.

शिवाय दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची झाली? विचारणाऱ्याची. कोणत्या उमेदवाराने काय उत्तर दिलं, हे किती जणांच्या लक्षात राहिलं?

पडद्यामागे
दुसऱ्या दिवशी विचारणाऱ्याची चर्चा झाली, कारण ओळख नंतर बाहेर आली. आधीच सांगितली असती तर उत्तरांवर बोलणं झालं असतं. सरळरेष, तुमचं उदाहरण तुमच्याच मुद्द्याला छेद देतं.

पण पडताळणी कुठे फसली, ते नेमकं बघा. वाहिनीने दोन गोष्टी तपासल्या होत्या: त्यांची लष्करी सेवा खरी आहे का, आणि कोणत्या उमेदवाराला त्यांनी पैसे दिले आहेत का. दोन्ही उत्तरं बरोबर आली, तरीही माणूस सुटला. देणग्यांच्या सरकारी नोंदीत नावानिशी तपशील येतो तो मुख्यतः एका निवडणूक-चक्रात एकूण 200 डॉलरहून जास्त देणाऱ्यांचा. त्याहून कमी देणारे तिथे नावाने सापडत नाहीत. आणि समितीवर नाव देणं, घरोघर फिरणं, पाठिंब्याच्या पत्रकावर सही करणं याला पैसा लागतच नाही. त्यामुळे देणग्यांची यादी चाळून 'तटस्थ' असा शेरा मारता येत नाही.

वेगळं करायला हवं होतं ते असं. आधी 5,000 मधून साठ-सत्तर प्रश्न बाजूला काढायचे. मग त्या प्रत्येकाचं नाव प्रत्येक उमेदवाराच्या संकेतस्थळावर आणि प्रसिद्धिपत्रकांत शोधायचं, नावाची वेगवेगळी स्पेलिंगं आणि हुद्दा धरून. ज्या खात्यावरून व्हिडिओ आला त्या खात्यावरचे बाकीचे व्हिडिओ पाहायचे. त्याच चर्चेतल्या आणखी काही प्रश्नकर्त्यांचा डेमोक्रॅट उमेदवारांकडचा कल ब्लॉगवाल्यांनी काही तासांत शोधला, तोही असाच उघड्या माहितीतून. शेवटी फोन करून थेट विचारायचं: कोणत्याही प्रचारात पद, समिती, पगार, स्वयंसेवा? उत्तर लेखी घ्यायचं आणि खोटं निघालं तर तसं प्रसारणात सांगितलं जाईल, हेही बजावायचं.

हे काम प्रश्न निवडणाऱ्या चमूकडे देऊ नये. ज्याला प्रश्न आवडला आहे, त्याला खोट सापडत नाही. शिवाय आयत्या वेळी यादी बदलते आणि शेवटी आत आलेला प्रश्न बिनतपासणीचा जातो. म्हणून राखीव प्रश्नही आधीच तपासून ठेवावे लागतात.

रेवा
एवढी झाडाझडती घेण्यापेक्षा कल न ठरलेलेच मतदार बसवा. 15 ऑक्टोबर 1992 ला रिचमंडमध्ये तसंच केलं होतं. गॅलप या मतचाचणी संस्थेने निवडलेले 209 अनिश्चित मतदार आणि समोर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार थोरले बुश, बिल क्लिंटन, रॉस पेरो. राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हा प्रश्न एका सामान्य बाईने तिथेच विचारला आणि बुश यांना तो धड समजलाही नाही. पट्टीची गरजच पडली नाही.

सरळरेष
आणि 2004 मध्ये त्याच पद्धतीचं काय झालं? धाकटे बुश आणि जॉन केरी या दोन उमेदवारांच्या प्रचारांनी 32 पानी करार केला. प्रश्न आधी लिहून सूत्रसंचालकाकडे द्यायचा आणि प्रत्यक्ष विचारताना त्यात ठळक बदल केला तर विचारणाऱ्याला तिथेच थांबवायचं. अनिश्चित मतदार हा पक्षांना सर्वांत सोयीचा प्रेक्षक असतो. ज्याला विषयाची तिडीक आहे, ज्याने वर्षानुवर्षं त्यावर काम केलंय, तो बहुतेक वेळा कुठल्या तरी बाजूचा असतोच. त्याला बाहेर ठेवलंत की टोकदार प्रश्नही बाहेर राहतात. आणि 'मी अजून ठरवलेलं नाही' हेही माणूस स्वतःच सांगतो ना?

तागडी
ब्रिटनमधल्या 2010 च्या निवडणुकीतला मार्ग या दोन्हींहून बरा होता. मँचेस्टर, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम अशा तीन चर्चा झाल्या आणि पक्ष व वाहिन्यांनी मिळून 76 नियम ठरवले. प्रेक्षक मतचाचणी करणाऱ्या संस्थेने जमवले. सुमारे 80 टक्के लोक कल सांगितलेले, त्यांचं पक्षनिहाय प्रमाण मजूर पक्ष 7, हुजूर पक्ष 7, लिबरल डेमोक्रॅट 5 आणि उरलेले 20 टक्के अनिश्चित. कोणी तटस्थ असल्याचा आव आणला नाही, पारडं मोजून भरलं. प्रश्न संपादकांच्या मंडळाने निवडले.

मला खटकतं ते एवढंच की प्रमाण सभागृहाचं होतं. माइक मिळालेल्या आठ-नऊ जणांत तेच प्रमाण राहील, याची हमी त्यातून मिळत नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

टीपकागद
तुम्ही सगळे प्रेक्षकांच्या मागे लागला आहात. मोठा पक्षपात वाहिनीच्या आपल्या माणसांत असतो, आणि तो एकाच बाजूचा नसतो. 1980 मध्ये स्तंभलेखक जॉर्ज विल यांनी रिपब्लिकन उमेदवार रेगन यांच्या चर्चेच्या तयारीत मदत केली, मग त्याच चर्चेवर एबीसी वाहिनीवर रेगन यांची तारीफ केली. प्रेक्षकांना संबंध कळला 1983 मध्ये. मे 2015 मध्ये एबीसीचे जॉर्ज स्टेफनोपोलस यांनी क्लिंटन कुटुंबाच्या क्लिंटन फाउंडेशन या संस्थेला 75,000 डॉलर दिल्याचं उघड झालं आणि ते रिपब्लिकन चर्चेच्या सूत्रसंचालनातून बाजूला झाले. ते पूर्वी बिल क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमध्ये कामाला होते, हे सर्वांना माहीत होतं. देणगी मात्र माहीत नव्हती, आणि अडचण त्या न सांगितलेल्या भागाचीच झाली. 2016 मधलं सीएनएनच्या भाष्यकार डोना ब्राझील यांचं प्रकरण मी यात धरत नाही. तिथे प्रश्न आधीच एका उमेदवाराच्या गोटात पोचवला गेला, ती सरळ पेपरफुटी होती.

अक्षांश
टीपकागद, मान्य. सूत्रसंचालक आणि विश्लेषकांनाही तोच नियम हवा, उलट जास्त कडक. ते दर आठवड्याला पडद्यावर असतात.

रेवा, तुम्ही दिलेली 1992 ची चर्चा सार्वत्रिक निवडणुकीची होती. 2007 ची पक्षांतर्गत होती. तिथे रिपब्लिकन मतदाराला आपला उमेदवार निवडायचा असतो आणि वेळ मिनिटांत मोजलेला असतो. तो वेळ दुसऱ्या पक्षाच्या प्रचारातल्या माणसाकडे जाणार असेल, तर निदान तसं सांगून जावा.

सरळरेष, पळवाटीवर उपाय आहे. पट्टी फक्त प्रेक्षकाला दिसू द्या. उमेदवाराने उत्तर सोडून माणसाकडे बोट दाखवलंच, तर सूत्रसंचालकाने तोच प्रश्न स्वतःच्या तोंडून पुन्हा विचारावा.

सरळरेष
सूत्रसंचालकाने पुन्हा विचारणं चांगलं, ते मी घेतो. पट्टीचं अजून पटत नाही. रेघ कुठे ओढणार? समितीवरचा जनरल कळला. पण कोणा उमेदवाराच्या नावाचा शर्ट घालून कधीतरी व्हिडिओ टाकणारी मुलगी? एका उमेदवाराला पाठिंबा जाहीर केलेल्या कामगार संघटनेचा साधा सभासद? तिथे तुम्ही मतदाराच्या मतावरच शिक्का मारायला लागता.

पडद्यामागे
रेघ पदावर ओढायची, मतावर नाही. प्रचाराने किंवा पक्षाने ज्याला नेमलं, पगार दिला किंवा ज्याचं नाव आपल्या पत्रकात छापलं, त्याला पट्टी. शर्ट घातलेल्या मुलीला नाही, साध्या सभासदालाही नाही. संघटनेच्या पदाधिकाऱ्याला मात्र हवी. जनरलचं नाव जून 2007 मध्येच प्रचाराने छापून जाहीर केलं होतं. म्हणजे या नियमात ते पहिल्याच शोधात सापडले असते.