मुलग्यांना कुठल्या गोष्टी सांगता?

कोथरूडची_आई:
मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, झोपताना गोष्ट लागतेच. परवा नवरा कुकर लावत होता तर हा म्हणे, बाबा तू नको, ते आईचं काम. अहो आमच्याकडे कुकर बाबाच लावतो रोज! घरात दिसतं एक आणि डोक्यात बसतं गोष्टीतलं, तिथे आई पोळ्या लाटते, बाबा ऑफिसला जातो. शूर मुलींच्या गोष्टी आता मिळतात, पण मुलग्याला काय सांगू? अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाणारच आहे, त्याआधी सुचवा प्लीज.

बालवाडी_ताई:
पुस्तक आणाच पण रोजच्या गोष्टीत नुसती कामं बदलून बघा, उपदेश नको, उपदेश सुरू झाला की मुलं उठून जातात. चिऊ-काऊच्या गोष्टीत मी बाळ चिमणोबांकडे दिलं, काऊ दार वाजवतोय आणि आतून चिमणोबा, "थांब, बाळाला अंघोळ घालतोय", "थांब, तीट लावतोय", चिऊ दाणे आणायला गेलेली. वर्गात एकजण म्हणाला, बाबांना तीट लावता येत नाही, दुसरा म्हणाला माझ्या बाबांना येते, झालं, दोघांची जुंपली, मी मध्ये पडलेच नाही. आणि गोष्टीतल्या मुलाला घाबरू द्या, रडू द्या, आजारी बहिणीला पेज भरवू द्या. असा मुलगा गोष्टींत फार कमी भेटतो.

सहकारनगर_आजी:
जुनं सरसकट टाकू नका गं. भोपळ्यातली म्हातारी एकटी जंगलातून लेकीकडे जाते, वाघाला चकवते, सोडवायला कुणी राजपुत्र येत नाही. माझा नातू तीच गोष्ट परत परत मागतो.

पेठेतला_बाबा:
बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र दिलं होतं, मला फार आवडलं होतं. मी मुलाला जोतिबांची गोष्ट सांगतो. बायकोला स्वतः शिकवलं, १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, वडिलांनी घराबाहेर काढलं तरी दोघांनी शिकवणं सोडलं नाही. सावित्रीबाईंची गोष्ट मुलींना सांगतोच आपण, मुलग्यांना जोतिबांच्या बाजूने सांगा. त्यांना कळू दे की बाईच्या बाजूने उभं राहायलाही हिंमत लागते. आमचा तर लगेच विचारतो, मग ते राहिले कुठे?

कोथरूडची_आई:
थँक यू सगळ्यांना! चिमणोबा आज रात्रीच. सासूबाईंनाही सांगते, दुपारची गोष्ट त्यांच्याकडे असते.