चाहूल की कानोसा?

— शेजारच्या आजोबांची दृष्टी काचबिंदूनं गेली त्याला दहाएक वर्षं झाली. बोळातून येताना ते बंद दाराच्या हातभर अलीकडे बरोब्बर थांबतात. कसं कळतं विचारलं, तर गालावरून हात फिरवत म्हणाले, "इथं दाटून येतं." याला शब्द काय? 'स्पर्श' म्हणावं, तर दाराला बोटही लागलेलं नसतं.

— चाहूल! मूळ अर्थ पावलांचा बारीक आवाज. पण आपल्याला पावसाची, थंडीचीही चाहूल लागते. कान, नाक की कातडी, कुणाला लागली ते हा शब्द सांगतच नाही.

— शब्द चपखल, पण आजोबांचा गाल त्यांना फसवतोय. फ्रेंच विचारवंत दिदरोनं १७४९ मध्ये एका अंध गृहस्थाबद्दल असंच लिहिलं होतं, की चेहऱ्यावरच्या हवेवरून त्याला वस्तू जवळ आल्याचं कळतं. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी प्रयोग प्रसिद्ध केला. तिघांपैकी सुपा स्वतः अंध. चेहरा झाकला तरी भिंत कळायची, कान बंद केले की धडक. पावलांचा आवाज भिंतीवरून परततो, ऐकतो कान, आणि वाटतं मात्र गालावर! गालिच्यावर नुसत्या मोज्यांनी चालवलं, तर भिंत अगदी जवळ आल्यावरच कळायची.

— अरेच्चा! दिवाळीत सूनबाईंनी मऊ रबरी चप्पल आणली, तेव्हा आजोबा दोनदा दारावर आपटले होते. सगळ्यांनी वयावर ढकललं. आता पुन्हा जुनी करकरणारी कोल्हापुरी घालतात. पण काम कानाचंच असेल, तर 'कानोसा' का नको?

— कानोसा घेतात, चाहूल लागते. डॅनियल किश हा अंध अमेरिकन जिभेनं टकटक करत, तिच्या प्रतिध्वनीवर सायकल चालवतो. तो कानोसा. आजोबांना नुसती चाहूल.

— 'दृष्टी गेली की कान तिखट होतात' हेही जपून म्हणावं. कान तेच असतात, मेंदूतली कामाची वाटणी बदलते. मेंदूचे अभ्यासक सादातो आणि सहकाऱ्यांना १९९६ मध्ये दिसलं, की लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा, एरवी पाहण्याचा भाग कामाला लागलेला असतो. आणि हो, ब्रेलचे ठिपके 'चाचपतात'. 'चाचपडत वाचतात' असं छापून येतं तेव्हा डोकं फिरतं. चाचपडतो तो, ज्याला काही सापडत नाही. वीज गेल्यावर मेणबत्ती शोधणारे आपण.